मदत हवी आहे: टिझिओ टेबल लॅम्प लुकलुकतो, उजेड पिवळा, मानही खाली येते

तांबडी_माती: लिस्बनहून नातेवाइकांकडून आलेला आर्टेमिदे या इटालियन कंपनीचा काळा टिझिओ आहे, जुना हॅलोजनवाला. सध्या मडगावात. तळाखाली 220 व्होल्ट, 50 हर्ट्झ असा शिक्का. बल्ब 12 व्होल्ट 50 वॉट, दोन टाचण्यांचा (जीवाय 6.35). वरच्या दांडीला हात लागला की उजेड लुकलुकतो, एरवी मंद आणि पिवळट. बल्ब नवा घातला, फरक शून्य. डोकं वर ठेवलं की हळूहळू खाली उतरतं. दांड्यांत वायर कुठेच दिसत नाही, मग तपासायचं काय? आणि एलईडी बसवला तर सगळंच सुटेल का?

खाजन: वायर दिसत नाही म्हणजे दिवा अस्सल असण्याची शक्यता जास्त. नकलांमध्ये बहुधा दांडीतून बारीक वायर ओवलेली असते. या दिव्याचा डिझायनर रिचर्ड झापर, त्याने 1972 साली हाच मार्ग काढला: ट्रान्सफॉर्मर तळात, तिथून 12 व्होल्ट थेट दांड्यांच्या धातूतून डोक्यापर्यंत. सांधे टिचबटणांसारखे आहेत. दिवा आडवा पडला की सांधा मोडत नाही, नुसता सुटतो आणि परत दाबून बसतो. पण वीजही त्याच टिचबटणातून जाते. म्हणजे तुमचं घोडं सांध्यांत अडलंय.

सुंगटां_किसमूर: सांध्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, पाच मिनिटांचं काम.

खाजन: नका मारू. त्या तेलाचा थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते, आणि घर्षण गेल्यामुळे डोकं आणखी घसरतं. या दिव्याला स्प्रिंग नाही. वजनांचा तोल आणि सांध्यातली थोडी घासण, एवढ्यावर तो उभा राहतो.

ओम_नियम: आधी मोजा, मग उघडा. 50 वॉट भागिले 12, म्हणजे जवळजवळ 4.2 अँपियर. घरच्या 230 व्होल्टवर एवढा प्रवाह हजार वॉटच्या इस्त्रीला लागतो, म्हणून छोटा अडथळाही इथे महाग पडतो. एखाद्या सांध्यात अर्धा ओहम आला तरी दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि तो सांधा चटका देण्याइतका तापतो. बल्बला साडेनऊ व्होल्ट मिळाले तर उजेड निम्म्याहून कमी होतो, आणि रंग पिवळा पडतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर, 20 च्या रेंजला. बल्ब पेटलेला असतानाच मोजा. बल्ब काढून मोजलंत तर प्रवाहच वाहत नाही, आणि कळकलेल्या सांध्यापलीकडेही पूर्ण बारा दिसतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. आधी तळाजवळ दांडीच्या दोन बाजूंमध्ये (त्याच दिव्याच्या दोन तारा), मग होल्डरपाशी. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर एकाच बाजूच्या एकेका सांध्याच्या अलीकडे-पलीकडे प्रोब लावत जा. चांगला सांधा 0.1 व्होल्टच्या आत राहतो. प्रोब रंगावर नको, उघड्या धातूवर. आणि दोन बाजू एकदम धातूने जोडू नका: शॉक बसणार नाही, पण शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जाईल.

तांबडी_माती: मोजलं. तळाशी 12.6, होल्डरला 9.9. मधल्या सांध्याच्या डाव्या बाजूला एकट्यालाच 2.1.

खाजन: म्हणजे चोर सापडला. खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने तिथे कळक चढली आहे. प्लग काढा, डोकं निववा, पंधरा मिनिटं तरी. खालच्या दांडीला आधी कोणाला तरी धरायला सांगा. वरचा भाग निघाला की मागचं वजन खाली जातं आणि पुढचं टोक उसळतं. बोटं सांध्याच्या अगदी लगत धरून सरळ ओढा. दांडीचा तरफेसारखा वापर केला तर बटणाचं घर पसरतं, आणि पसरलेलं घर पुन्हा घट्ट होत नाही. आतला भाग 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. हिरवट-काळा डाग राहिला तर ग्लास फायबरचं पेन (टोकाला काचतंतूंचा ब्रश असलेलं) हलक्या हाताने. पॉलिश पेपर मुळीच नको: वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने कळकतं. वाळू द्या, मग ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. उरलेले सांधेही त्याच बैठकीत उरका.

नवा बल्ब उघड्या बोटांनी धरला असेल तर पेटवण्याआधी त्याच अल्कोहोलने पुसा. घामाचा डाग भाजून काचेवर पांढरा फोड येतो.

ओम_नियम: तळाशी 12.6 दिसले, त्याचं कारण शिक्का 220 चा आणि आपल्याकडे रात्री व्होल्टेज वर. सांधा सुधारला की हे वाढीव व्होल्ट बल्बपर्यंत पोचतील. पाच टक्के वाढीने हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. तेव्हा पुढचा बल्ब लवकर गेला तर सांध्यांवर संशय घेऊ नका. बटणाला दोन पायऱ्या आहेत, वाचताना गरज नसेल तेव्हा खालचीच वापरा. युरोपातला प्लग असेल तर तोही बदला: त्याच्या बारीक पिना आपल्या सॉकेटात डुगडुगतात आणि ठिणग्या उडतात. केबलमध्ये तिसरी हिरवी-पिवळी तार असेल तर ती अर्थलाच जोडा.

तांबडी_माती: साफ केलं, आता 12.5 आणि 12.1. लुकलुक थांबली. डोकं मात्र अजून उतरतं. एलईडीचं काय?

खाजन: उतरण्याचं आधी बघू. वजनं दांडीच्या मागच्या टोकाला आहेत ना, आणि डोक्यावर कोणी जादा काच, चिकटपट्टी वगैरे लावलेली नाही ना? सांध्याच्या फिरत्या भागावर जुनं तेल असेल तर तेही अल्कोहोलने काढा. तोल बरोबर असेल तर एवढ्यावर थांबतं.

एलईडी बसतो, पण तीन अटींवर. ‘12 व्होल्ट एसी/डीसी’ असं लिहिलेलाच घ्या, कारण इथे गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर एसी देतो आणि कमी भाराला त्याचे व्होल्ट तेरापलीकडे चढतात. लांबी हॅलोजनच्या 44 मिलिमीटरच्या आसपास हवी, नाहीतर डोक्याच्या आत मावणार नाही. आणि वजन: डोकं दांडीच्या टोकाला असल्यामुळे आठ-दहा ग्रॅमही पुरतात. जड घातलात तर आता सोडवलेली मान पुन्हा उतरेल. माझं मत विचाराल तर हॅलोजनच ठेवा. इवल्याशा फिलामेंटचा जो रेखीव उजेड टेबलावर पडतो, तो चारी बाजूंना चिप असलेल्या एलईडीने पसरट होतो.

सुंगटां_किसमूर: लाईट गेली की इन्व्हर्टरवर चालेल?

ओम_नियम: साइन वेव्ह असेल तर खुशाल. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तळ गुणगुणतो आणि जास्त तापतो, तेव्हा तासन्‌तास लावून ठेवू नका.