‘पेजर एकदा बनवा आणि विसरून जा’ म्हणणाऱ्यांसाठी

घणसोलीकर
काल ‘कोडकामगार’ यांनी लिहिलं : “जो आजही प्रत्येक यादीखाली पान-क्रमांकांची पट्टी, म्हणजे पेजर, नव्याने लिहितो, त्याने सीएमएसचं (साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) काम सोडून वडापावची गाडी टाकावी. पेजर एकदा कंट्रोल म्हणून, म्हणजे कुठेही बसवता येणारा तयार भाग म्हणून बनवा, टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) टाका आणि विसरून जा.” खाली अंगठ्यांची रांग.

वडापावची गाडी चालवायला अक्कल लागते, ते असो. डोकं फिरलं ते ‘विसरून जा’ने. लोकांनी विसरलेले पेजर निस्तरण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ३.५ मध्ये डेटापेजर हा तयार पेजर आला तेव्हा आम्हीही नाचलो होतो. मग कळलं, तो यादी दाखवणाऱ्या लिस्टव्ह्यू या कंट्रोलशीच बोलतो आणि आमच्या साइटभर रिपीटर हा दुसराच कंट्रोल. सगळं लिस्टव्ह्यूवर नेलं, तर ‘पुढे’ दोनदा दाबल्याशिवाय पान हलेना. पेजरने पान बदलायच्या आधीच डेटा यादीत भरून (बाइंड होऊन) बसलेला! तेही निस्तरलं. दोन वर्षांनी साइट रांगायला लागली म्हणून आत बघितलं, तर स्क्रीनवर १० नोंदी आणि खालची क्वेरी (डेटाबेसकडे जाणारी मागणी) प्रत्येक क्लिकला अख्खं टेबल उचलून आणतेय. वर पट्टी देखणी, मग खाली वाकून बघणार कोण?

पानं पाडणं हे पट्टीचं काम नाही, क्वेरीचं आहे. बातम्या तारखेने लागतात, निविदा शेवटच्या मुदतीने, शोधाचे निकाल तिसऱ्याच हिशोबाने. एकच कंट्रोल या सगळ्यांना पुरवायचा म्हटलं की त्याला शेपटं फुटतात. आमच्या शेवटच्या ‘एकाच’ पेजरला २३ प्रॉपर्टी, म्हणजे सेटिंग्ज होत्या. ‘हाइड इफ सिंगल पेज’ (एकच पान असेल तर पट्टी लपवा) मुळात फॉल्स, म्हणजे बंद. का, ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत, आणि तो आता कॅनडात.

ऐरोलीची_मी
काका, रुसवा डेटापेजरवर आणि राग सगळ्या पेजरांवर? त्याला क्वेरीस्ट्रिंगफील्ड (पान-क्रमांक लिंकमध्ये घालणारी सेटिंग) दिलं असतंत तर पोस्टबॅकऐवजी, म्हणजे पान सर्व्हरकडे परत पाठवण्याऐवजी, साध्या लिंका मिळाल्या असत्या. दोनदा क्लिकचं प्रकरणच नाही, आणि शोधयंत्रांनाही पुढची पानं सापडली असती.

आता माझं ऐका. महापेला असताना एक साइट हातात आली. ९ याद्या, ९ पट्ट्या, ९ जणांनी लिहिलेल्या. एकीत पानं शून्यापासून, बाकीच्यांत एकपासून. एकीत लिंकमधल्या पान-क्रमांकाच्या पॅरामीटरचं नाव ‘पेज’, दुसरीत ‘पीजी’, एका महाभागाने वर्डप्रेस या सीएमएसवर नुसतं ‘पी’ ठेवलेलं. ‘पी’ तिथे पोस्ट आयडीसाठी (लेखाच्या क्रमांकासाठी) राखीव! दुसरं पान मागितलं की भलतंच समोर. मग क्लायंट म्हणाला, स्क्रीन रीडरला (अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) चालू पान कळलं पाहिजे. म्हणजे चालू आकड्यावर एरिया-करंट ही खूण लावायची, एका ओळीचं काम. ९ ठिकाणी केलं, म्हणजे ७ ठिकाणी केलं. राहिलेली दोन क्लायंटनेच दाखवली, भर मीटिंगमध्ये. त्या दिवशी ठाणे लोकलमध्ये बसेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

वागळेतला_वाघ
वर्डप्रेसचं नाव निघालंच आहे तर माझी जखम. कॅटेगरीत दुसरं पान ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. टेम्प्लेटमध्ये आमची वेगळी क्वेरी ५-५ पोस्ट दाखवते, पण वर्डप्रेसची स्वतःची मुख्य क्वेरी १०च्या हिशोबाने आधीच ठरवून मोकळी की दुसरं पान नाहीच. पेजर बिचारा निर्दोष. तीन दिवस शिव्या मात्र त्यालाच घातल्या.

कोडकामगार
वा! म्हणजे घणसोलीकरांची क्वेरी चुकली, वाघांची क्वेरी चुकली, आणि फाशी पेजरला. मी पट्टीबद्दल बोलत होतो, डेटाबेसबद्दल नाही.

घणसोलीकर
‘विसरून जा’ असं लिहिलंत तुम्ही. त्यात डेटाबेसही आला.

खोपटकर
मी तुमच्यासारखा तंत्रज्ञ नाही, मराठी मजकूर तपासायचं काम करतो. कंट्रोल एक करा नाहीतर शंभर, पण मराठी साइटच्या तळाशी इंग्रजी आकडे का? वर बातमीत ‘१५ ऑगस्ट’ आणि खाली इंग्रजी एक-दोन-तीन. मी हे किती वर्षं सांगतोय!

वागळेतला_वाघ
झालं. निघाले आकडे.

ऐरोलीची_मी
खोपटकर बरोबर बोलतायत आणि ते अवघडही नाही. जावास्क्रिप्टच्या टूलोकेलस्ट्रिंग या फंक्शनला भाषा मराठी सांगितली की ते आकडे देवनागरीत देतं. फक्त दाखवायचा आकडा आणि लिंकमधला आकडा वेगळे ठेवा. आमच्याकडे एकाने देवनागरी ‘२’ थेट लिंकमध्ये घातला. जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला) तो कळत नाही, सर्व्हरवरची पीएचपी त्याचा शून्य करते. कुठलंही पान दाबा, पहिलंच उघडतंय. टेस्टिंगमध्ये सुटलं, कारण टेस्टिंग इंग्रजी साइटवर. पण पट्टी एकच होती म्हणून दुरुस्तीही एकदाच. घ्या!

खोपटकर
आकड्यांचं झालं, आता शब्द. ‘मागील’ आणि ‘पुढील’ कुणी ठरवले? माझ्या आईला मागच्या महिन्यातली पाणीकपातीची सूचना हवी होती. यादीत ताजी सूचना सगळ्यात वर. तिने ‘मागील’ दाबलं. मागच्या महिन्याचं हवंय तर मागीलच दाबणार ना? ते बटण फिकट, चालेना. म्हणाली, मोबाइल बिघडला. जुन्या सूचना ‘पुढील’मध्ये आहेत हे ७४ वर्षांच्या बाईने कसं ओळखायचं?

कोडकामगार
मागील म्हणजे मागील पान. जगभर हेच चालतं. प्रत्येकाच्या आईसाठी वेगळा पेजर लिहायचा का?

खोपटकर
आईवर जायचं कारण नाही.

कोडकामगार
तुम्हीच आणली धाग्यात.

घणसोलीकर
कोडकामगार, सांभाळून. आणि त्यांच्या आई बरोबर आहेत. सूचनांच्या यादीला ‘आधीच्या सूचना’ आणि ‘नंतरच्या सूचना’ हवं. शोधाला ‘पुढचं पान’ चालेल. म्हणजे शब्दसुद्धा यादीच्या क्रमावर अवलंबून. तुमचा एकच कंट्रोल इथेच आपटतो.

ऐरोलीची_मी
आपटतो कुठे? शब्द बाहेरून द्या.

घणसोलीकर
२४वी प्रॉपर्टी.

गायमुखला_अडकलेला
घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये ४० मिनिटं एकाच जागी आहे, म्हणून सगळं वाचलं. पेजरच काढून टाका, इनफिनिट स्क्रोल लावा, खाली सरकवलं की पुढचं आपोआप येत राहील.

ऐरोलीची_मी
आणि तळातला संपर्क क्रमांक कोण गाठणार? खाली गेलं की नव्या १० बातम्या त्याला आणखी खाली ढकलणार.

गायमुखला_अडकलेला
घाटातल्यासारखंच मग. पुढे जातोय असं वाटतं फक्त. मागे घेतो.

घणसोलीकर
एक राहिलंच. एका साइटवर सूचना तारखेने लागायच्या, वेळ साठवलेलीच नव्हती. एका दिवसात ३०-३० सूचना चढायच्या. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून ऑफसेट-फेच (अमुक ओळी सोडून पुढच्या तमुक आणा) आलं, ते ऑर्डर बाय (कशाने लावायचं ते) मागतं खरं, पण तुमचा क्रम एकमेव आहे का ते विचारत नाही. तारीख सारखी असली की कोणती ओळ आधी याची हमी नाही. एकच सूचना पहिल्या पानावरही आणि दुसऱ्यावरही, आणि एक कुठेच नाही. जी दिसली नाही ती नेमकी मुदतवाढीची. एका माणसाचा अर्ज राहिला. तारखेच्या जोडीला आयडी (प्रत्येक सूचनेचा स्वतंत्र क्रमांक) लावला असता तर काही झालं नसतं. पेजर तेव्हा ‘एकूण पाने १२’ असं झोकात सांगत होता.

ऐरोलीची_मी
हे मान्य. पट्टी सामायिक, क्वेरी ज्याची त्याने. आयडीशिवाय क्रम दिला तर कोड रिव्ह्यूत (कोड तपासताना) मी स्वतः परत पाठवते.

कोडकामगार
ठीक. ‘विसरून जा’ मागे घेतो. ‘लक्षात ठेवा’ असं वाचावं. समाधान? वडापावचं मात्र मागे घेणार नाही. आणि खोपटकर, आईंबद्दल बोललो ते चुकलं.

खोपटकर
आईला सांगतो. ‘आधीच्या सूचना’ होईल तेव्हा कळवा, तिची ती पाणीकपात अजून सापडलेली नाही.

घणसोलीकर
आज ऑफिसात ‘हाइड इफ सिंगल पेज’ ट्रू करून टाकलं. म्हटलं एवढं तरी ऐकावं तुमचं. एकच पान असलं की पट्टी आता गायब. पण शोधात काही सापडलं नाही तर अजून येते : ‘एकूण ० पैकी पान १’.