शब्दचर्चा: पेशी ‘चिकटते’ की ‘पकड घेते’?

परळहून:
२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या प्रयोगशाळेत शाळेतली मुलं येतात. त्यांच्यासाठी मराठीत तक्ता लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यावर अडलेय: ‘पेप्टाइडचा लेप दिलेल्या पृष्ठभागावर पेशी चांगल्या चिकटतात.’ (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचा तुकडाच.) परिभाषेतला शब्द ‘आसंजन’, पण तो सातवीच्या मुलांपुढे ठेवावासा वाटत नाही. आणि ‘चिकटतात’ मला खटकतं.

कारण असं. ताटलीत नुकत्याच सोडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली भिजलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात: गोल, कडेला चमक. जे साहित्य प्रथिनांना थारा देत नाही, त्यावर त्या गोलच राहतात. ताटली कलती केली की वाहून जातात. त्याच साहित्यावर आरजीडी, म्हणजे आर्जिनिन, ग्लायसीन आणि अस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा छोटासा पेप्टाइड-तुकडा जोडला, की काही तासांत त्याच पेशी चपट्या होऊन हातपाय पसरतात. यात डिंक कुठे आहे?

दादरहून:
ताई, मराठीत चिकटायला डिंकच लागतो असं नाही. पोर आईला चिकटतं, माणूस नोकरीला चिकटतो. सगळ्यांना कळणारा शब्द सोडू नका. ‘आसंजन’ मात्र खरंच नको.

वरळी कोळीवाड्यातून:
ओहोटीला आमच्या खडकांवर बघा. कालव खडकाला चिकटतं, त्याचा शिंपला खडकाचाच होऊन जातो. फोडल्याशिवाय निघत नाही. खेकडा फटीत असला तर आम्ही म्हणतो ‘धरून बसलाय’. मनात आलं की सोडून दुसरीकडे जातो. तुमची पेशी कालव की खेकडा?

परळहून:
मावशी, खेकडा! हेच मला सांगता येत नव्हतं.

पेशीच्या पडद्यातून इंटेग्रिन नावाची प्रथिनं बाहेर डोकावतात, तीच तिची नांगी. फायब्रोनेक्टिन या प्रथिनातली आरजीडी ही खूण ती ओळखतात; १९८४ साली पियर्शबाकर आणि रुओस्लाहती या संशोधकांनी ती दाखवली. अस्पार्टिकच्या जागी त्याचाच जवळचा भाऊ ग्लुटामिक आम्ल घाला, पकड जवळजवळ सुटते. चिकटपणाचा प्रश्न असता तर एवढ्याशा बदलाने काय बिघडलं असतं?

अंतराचंही तसंच. मासिया आणि हबेल यांनी १९९१ साली मोजलं: दोन आरजीडींमध्ये सुमारे ४४० नॅनोमीटर अंतर असलं तरी पेशी पसरते, पण भक्कम पकडीच्या जागा तयार व्हायला ते १४० च्या आसपास यावं लागतं. लोकलमधली हँडलं लांब लांब असली तर उभं राहता येतं, पण ब्रेक लागला की तोल जातो, तसंच काहीसं. उलट पकड फारच घट्ट झाली तर पेशीला सरकता येत नाही, आणि जखम भरायला तिला सरकावंच लागतं. ‘चिकटली’ म्हटलं की हे सरकणं सांगायला जागाच उरत नाही. ‘पकड घेते, पकड सोडते’ यात ते आपोआप येतं.

दादरहून:
पटलं. पण मुलांना वाचून दाखवाल तेव्हा ‘लेप’ही अडेल. चंदनाचा लेप धुतला की जातो. तुमचं पेप्टाइड जातं का?

परळहून:
नुसतं वर बसवलेलं असेल तर धुऊन जाऊ शकतं. आम्ही ते एका टोकाने रासायनिक बंधाने बांधतो, म्हणजे कल्हईच्या जवळचं काहीतरी. पण आजच्या मुलांनी कल्हई लावताना पाहिलेली नाही, म्हणून साधंच लिहिते: ‘ज्या पृष्ठभागाला पेप्टाइड जोडलेलं आहे, त्यावर पेशी पकड घेतात आणि पसरतात.’ खाली खेकड्याचं चित्र.

वरळी कोळीवाड्यातून:
चित्रात नांग्या दोन काढू नका. तुमच्या पेशीला किती आहेत?

परळहून:
हजारो, मावशी. मग चित्राखाली तेही लिहिते.