दोघेही नोकरी करतो, मग पाळणाघराचा फोन मलाच का येतो?

डोंबिवलीकर
नमस्कार. माझी नोकरी फोर्टला आहे आणि यजमानांची ठाण्याला. मुलगी साडेचार वर्षांची आहे, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून सासूबाईंचेही सर्व आम्हालाच पाहावे लागते. यजमान कामचुकार मुळीच नाहीत. सांगितलेले प्रत्येक काम ते मनापासून करतात. पण रात्री मटकी भिजत घालायची आहे, सासूबाईंच्या गोळ्या शुक्रवारी संपणार आहेत, उद्या पाळणाघरात कपड्यांचा जास्तीचा जोड द्यायचा आहे, हे सगळे माझ्याच डोक्यात असते आणि ते सांगत राहणे हेच एक काम होऊन बसले आहे. मागच्या आठवड्यात मुलीला ताप आला, तेव्हा पाळणाघराने मला फोन केला. मला पोहोचायला दीड तास लागला. ठाण्याहून यजमान त्याच्या निम्म्या वेळात आले असते. त्यांना कळवावे हे मला सुचलेसुद्धा नाही, याचे अजून वाईट वाटते. वाटणी नेमकी कशी करावी?

दोन मुलांचा बाबा
ताई, कामे वाटू नका, खातेवाटप करा. आमच्याकडे मुलांचा डबा माझ्याकडे आला, तेव्हा मला वाटले की सकाळी पोळी-भाजी भरून दिली की झाले. प्रत्यक्षात ते खाते आदल्या संध्याकाळी भाजी आणण्यापासून सुरू होते आणि परत आलेला डबा घासून ठेवल्यावर संपते. झाकणातली रबराची रिंग काढून धुतली नाही तर तिला आंबूस वास येतो, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळले, कारण तोवर ती रिंग नेहमी दुसरेच कोणीतरी धूत होते. पहिल्या महिन्यात दोनदा मुलांना कोरडा खाऊ न्यावा लागला. पत्नीने मध्ये पडून सावरले नाही, आणि त्यामुळेच मी शिकलो. लसीकरणाचे कार्डही आता माझ्याकडे असते. धाकट्याचा पाचव्या वर्षानंतरचा डीपीटीचा बूस्टर मी स्वतः लक्षात ठेवून देऊन आणला.

आकडे पाहणारी
हा प्रश्न एकट्या तुमच्या घराचा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले, म्हणजे अंतर जवळपास तेवढेच राहिले. कायदाही आईलाच गृहीत धरतो. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले, पण दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली गेली ती आईला.

निवृत्त शिक्षिका
सासूबाईंचे औषधपाणी, डॉक्टरांच्या तारखा आणि व्यायाम करून घेणे हे मुलाकडे सोपवावे. आंघोळीच्या वेळी मात्र त्यांना मुलाचा संकोच वाटेल, आणि तो संकोच मोडून काढायचा आग्रह कोणी धरू नये. माझ्या शस्त्रक्रियेनंतर त्या कामासाठी आम्ही सकाळी तासभर एक बाई ठेवली होती. तिला शोधण्यापासून तिच्या सुट्टीच्या दिवशी पर्याय पाहण्यापर्यंतची जबाबदारी मुलाने घेतली, आणि सूनबाई सकाळी वेळेवर निघू लागली. शिवाय, सासूबाईंनाही विचारा. बसल्या जागी भाजी निवडून द्यायला त्यांना कदाचित आवडेल.

डोंबिवलीकर
सर्वांचे आभार. काल पाळणाघराच्या अर्जावर पहिला क्रमांक यजमानांचा लिहून आलो. तेथील ताईंनी दोनदा विचारले, ‘आईचा नंबर पहिला नको का?’ यजमानांनीच उत्तर दिले, ‘मी जवळ असतो, मलाच करा.’ गोळ्यांचा डबा आणि डॉक्टरांची फाईल आता त्यांच्या कपाटात आहे. शुक्रवारी मी आठवण करणार नाही, असे ठरवले आहे. आज बुधवार आहे आणि ते फार जड जात आहे.