जर्मनची गौण वाक्यं शिकवताना इंग्रजीचा वळसा कशाला?

हुज्जतखोर
पुण्यात गल्लोगल्ली जर्मनचे क्लास निघालेत. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर तर नर्सिंगवाली, आयटीआयवाली पोरंही ए-वन, ए-टू या जर्मनच्या सुरुवातीच्या पातळ्यांच्या गप्पा मारू लागली. यातली बरीच मराठी माध्यमातली. आणि त्यांना जर्मन शिकवतात कशातून, तर इंग्रजीतून!

माझी हुज्जत गौण वाक्यापुरती, म्हणजे मुख्य वाक्याला जोडून येणाऱ्या वाक्यापुरती आहे. जर्मनमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, पण 'वाइल' म्हणजे 'कारण' किंवा 'दास' म्हणजे 'की' आलं, की ते उठून थेट शेवटी जातं. आता हे बघा:

वाइल इश नाख हाउजं गेएन मुस.
कारण मला घरी जायला लागतं.

घर, मग जाणं, मग लागणं. क्रम तोच. इंग्रजीतलं 'बिकॉज आय हॅव टू गो होम' याच्या बरोबर उलट. म्हणजे मुलाच्या डोक्यात जे सुलटं होतं ते आपण आधी इंग्रजीसाठी उलटं करतो आणि मग 'जर्मन फार अवघड बाबा' म्हणत पुन्हा सुलटं करायला फी घेतो. मराठीतून शिकवा, प्रश्न मिटला.

काथ्याकूट
असहमत. ऐकायला झकास आहे, पण एकदा ए-टूच्या वर्गात येऊन बसा. मराठी माध्यमातली मुलंही बिनदिक्कत 'वाइल इश मुस नाख हाउजं गेएन' म्हणतात. कारण आधी कित्येक आठवडे त्यांच्याकडून 'इश मुस नाख हाउजं गेएन' घोटून घेतलेलं असतं. त्याच्यापुढे 'वाइल' चिकटवला की झालं. यात इंग्रजीचा दोष नाही नि मराठीचा उपयोगही नाही. हे जर्मननेच जर्मनमध्ये केलेलं आहे.

दुसरं उदाहरण घ्या. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही'. हे मराठीतून आलं म्हणाल? 'तो कुठे आहे माहीत नाही' यात काहीच उलटत नाही. जसंच्या तसं उचललं असतं तर इंग्रजी बरोबरच आलं असतं! पण 'व्हेअर इज ही?' इतकं पाठ असतं की गौण वाक्यातही तेच घुसतं.

क्लाझेन आणि मॉइस्केन या भाषाशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं. तुर्कीत क्रियापद शेवटी असतं, तरी जर्मन शिकणारे तुर्की लोकसुद्धा सुरुवातीला क्रियापद मध्येच टाकतात, असं त्यांचं म्हणणं.

हुज्जतखोर
@काथ्याकूट, गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९९४ मध्ये व्हायनिका आणि यंग-शोल्टन या दोघी भाषाशास्त्रज्ञांनी जर्मनीत राहून कानाने जर्मन शिकणाऱ्या तुर्की आणि कोरियन प्रौढांची वाक्यं तपासली. अगदी सुरुवातीच्यांची क्रियापदं शेवटीच येत होती. म्हणजे मातृभाषेचं वळण मुळात असतं. आपले क्लास ते पहिल्या महिन्यात मोडून काढतात आणि ए-टूला पोचल्यावर परत शोधत बसतात.

शब्दपाखरू
तुम्ही दोघंही क्रियापदाच्या जागेवरून भांडताय, आणि मराठी माणूस मुळात गौण वाक्य वापरतो किती, हे कुणी बघतच नाही. 'जेव्हा मी लहान होतो तेव्हा' असं निबंधात लिहितात. घरात 'मी लहान असताना'. पाऊस आल्यावर, पाऊस येईपर्यंत, काल आलेला माणूस. सगळं कृदन्तांवर, म्हणजे 'असताना', 'आल्यावर', 'आलेला' अशा धातूपासून बनलेल्या रूपांवर भागतं, अख्खं वाक्य उभं करायची गरजच पडत नाही.

जर्मनला तिथे बहुतेक वेळा पूर्ण वाक्य लागतं: कर्ता हवा, काळ हवा, आणि जोडशब्दही नेमका हवा. भूतकाळात एकदाच घडलं तर 'आल्स', दर वेळी घडत असेल तर 'वेन'. आमचं 'आल्यावर' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे आपल्याला इथे काही निवडायचं आहे हेच मुलांच्या लक्षात येत नाही. क्रियापद शेवटी ढकलणं त्यामानाने किरकोळ. शिवाय गौण वाक्य आधी आलं की मुख्य वाक्याचं क्रियापद स्वल्पविरामाला खेटून येतं: 'वाइल एस रेग्नेट, ब्लायबं इश त्सु हाउजं'. पाऊस पडतो, राहतो मी घरी. ही दोन क्रियापदांची टक्कर मराठीतून कशी समजावणार?

परिचारिका_मोड
मी नर्सेसना शिकवते, म्हणून एक प्रत्यक्षातलं सांगते. मराठीत आपण म्हणतो, 'पेशंट म्हणतोय की मला दुखतंय'. हा 'मला' पेशंटचा, हे सगळ्यांना कळतं. मुली ते तसंच्या तसं जर्मनमध्ये नेतात: 'डेर पाट्सिएंट झाग्ट, दास इश श्मेर्त्सन हाबं'. क्रियापद शेवटी, क्रम चोख, हुज्जतखोर खूश. अर्थ मात्र असा होतो की पेशंट सांगतोय, दुखणं नर्सला आहे! तिथे 'इश' (मी) नाही, 'एर' (तो) हवं. शिफ्ट बदलताना निरोप देताना ही चूक परवडत नाही. तेव्हा मराठीतून सगळं आपोआप जमतं, हा भ्रम नको.

हुज्जतखोर
ताई, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! 'की'च्या पुढचा 'मी' कुणाचा, हे त्या मुलींना सांगायचं तर मराठी वाक्य फळ्यावर लिहूनच सांगावं लागेल ना? शब्दपाखरूंचं 'आल्यावर'ही तसंच. इंग्रजीतून शिकवणाऱ्याला ही चूक दिसते, ती कुठून आली ते दिसत नाही. आपोआप जमेल असं मी म्हटलेलं नाही.

काथ्याकूट
'प्रश्न मिटला' हे शब्द वर तुमचेच आहेत, स्क्रोल करून बघा. बरं, आता व्यवहाराचं बोलू. माझ्या बॅचमध्ये निम्मी मुलं मराठी, उरलेल्यांत कुणी बिहारचं, कुणी केरळचं. मराठीतून सुरू केलं तर त्यांनी काय करायचं?

हुज्जतखोर
हिंदीतही क्रियापद शेवटी, मल्याळममध्येही शेवटी. तुमच्या अख्ख्या वर्गात ते मध्ये ठेवणारं एकच आहे, तुमचं इंग्रजी पुस्तक.