33 फुटी डोलकाठी चेन्नईहून पुण्याला कमी खर्चात कशी आणावी?

प्रश्न (कोथरूड)

मी चेन्नईत 25 फुटी जुनी शिडाची बोट विकत घेतली. बोट ट्रेलरवरून पुण्यात आली, परंतु 33 फूट लांबीची ॲल्युमिनियमची डोलकाठी त्या ट्रेलरवर न मावल्याने तेथेच राहिली. वजन किरकोळ आहे, चार माणसे ती सहज खांद्यावर घेतात. तरीही ज्यांच्याकडे चौकशी केली त्या सर्वांनी पूर्ण गाडीचे भाडे सांगितले, आणि ते बोटीच्या किमतीच्या जवळपास निम्मे होते. एकाने 24 फुटी ट्रकवर टाकून मागे लाल फडके बांधण्याची तयारी दाखवली. रेल्वेने पाठवावी, की सरळ मधोमध कापून आणावी?

उत्तर (निगडी, वाहतूक व्यवसाय)

लाल फडक्याचा विचार सोडून द्या. गाडीबाहेर माल आलेला आढळल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. आणि नऊ फूट मागे आलेली काठी खंबाटकीच्या वळणावर मागच्या दुचाकीस्वाराचे काय करील, हे निराळे सांगायला नको. रेल्वेच्या पार्सल डब्याला दार बाजूने असते, त्यामुळे एवढी ताठ वस्तू आत वळवताच येत नाही.

तुमच्या मालाला भाडे लागते ते लांबीचे. म्हणून जी गाडी तशीही पुण्याकडे येणार आहे तिच्यातली रिकामी जागा शोधा. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडम भागातून चाकणला वाहनांचे सुटे भाग घेऊन 32 फुटी बंद कंटेनर गाड्या येतात. पेट्यांच्या थरांवर छतापर्यंत बरेचदा हात-दीड हात जागा उरते आणि तिचे भाडे कोणी देत नसते. आतली रुंदी साडेसात फूट धरली, तर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी लांबी सुमारे 32 फूट 10 इंच भरते. काठीच्या जाडीमुळे त्यातले दोन इंच वजा करा. म्हणजे तुमचे काम चार इंचांसाठी अडले आहे.

उत्तर (बाणेर)

ते चार इंच मिळतील. डोलकाठीच्या माथ्यावरचा कप्प्यांचा (पुलींचा) भाग आणि तळाचा ओतीव तुकडा बहुधा स्क्रू किंवा रिव्हेटने बसवलेले असतात, ते काढून मग माप घ्या. आडव्या दांड्या, म्हणजे स्प्रेडर, काढल्याशिवाय काठी गाडीत चढवू नका. मी आळस केला होता आणि एक स्प्रेडर मुळापासून वाकलेला हाती आला. तारा फडक्यात गुंडाळून काठीलाच बांधा. काठी पेट्यांवर नुसती ठेवू नका, चार ठिकाणी लाकडी ठोकळे आणि त्यांवर जुन्या गादीचे तुकडे द्या. लोखंडाला घासत हजारभर किलोमीटर आली, तर वरचा संरक्षक थर खरवडून निघतो. शीड ज्या खाचेतून सरकते ती खाच वरच्या बाजूला राहू द्या, म्हणजे तिच्या कडा दबणार नाहीत.

कापणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. आतून बसणारा जोडतुकडा काठीच्या लंबगोल आकाराशी तंतोतंत जुळवावा लागतो आणि एका नगासाठी तसा साचा कोणी बनवत नाही. कापावीच लागली, तर स्प्रेडरजवळ किंवा बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, जोडली जाते तेथे कापू नका, कारण वाकवणारा ताण तेथेच एकवटतो.

उत्तर (निगडी, वाहतूक व्यवसाय)

एक राहिले. किंमत 50,000 रुपयांहून अधिक असेल, तर विक्रीच्या पावतीवरून ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) आधी तयार करून घ्या. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) असा शिक्का असतो, त्यामुळे नुकसान झाल्यास वाहतूकदाराकडून भरपाई मिळवणे अवघड जाते. प्रवासाचा विमा स्वतंत्र काढावा आणि माल चढवण्यापूर्वी दोन्ही टोकांची छायाचित्रे घ्यावीत.

प्रश्नकर्ता

आज चेन्नईत दोन्ही टोकांचे भाग काढून माप घेतले. काठी 32 फूट 5 इंच भरली. चाकणला येणाऱ्या एका गाडीच्या चालकाने आतली रुंदी मोजून कळवण्याचे कबूल केले आहे.