मदत हवी आहे: उरलेल्या चिकनचं क्रीमी सूप फाटतंय, काय करू?

वेदा_कोथरूड (स. ११:३५)
काल रात्रीचं चिकन उरलंय, फ्रीजमध्ये भाज्याही आहेत. घट्ट, मलईदार सूप करायचंय. मागे केलं होतं तेव्हा फाटलं आणि आत्ता परत फाटलंय. वर पिवळसर पाणी, खाली रव्यासारखे दाणे. कृतीत होतं तसंच केलं, सगळं शिजवून शेवटी दूध घालून उकळी काढली. संध्याकाळी सातपर्यंत हवंय. लिंक देऊ नका, बघत बसायला वेळ नाही. सरळ सांगा कुठे चुकतंय.

सदाशिवपेठी_खवय्या (स. ११:४२)
ताई, चिकन कसलं? दूध कुठलं? भाज्या कुठल्या? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पांढरा_रस्सा_प्रेमी (स. ११:५०)
दूध-क्रीमच्या नादी लागूच नका. कोल्हापुरी पांढरा रस्सा करा. अळणी पाण्यात, म्हणजे मटण-चिकन उकडलेल्या पाण्यात, काजू, खसखस आणि पांढरे तीळ यांचं गंधासारखं बारीक वाटण, वरून नारळाचं दाट दूध. वेलची, लवंग, दालचिनी, मिरी तुपात तडतडवायची, हिरवी मिरची उभी चिरून. हळद नाही, तिखट नाही. नारळाचं दूध घातल्यावर मात्र उकळी येऊ द्यायची नाही, नुसतं गरम करायचं. आमच्याकडे आजारी माणसालाही हाच देतात.

कॉर्नफ्लॉर_काकू (दु. १२:०१)
दोन चमचे कॉर्नफ्लॉर गार पाण्यात कालवून घाला, लगेच दाट होईल. मी तीस वर्षं असंच करतेय, कधी फाटलं नाही.

औंधचा_शेफ (दु. १२:०८)
काकू, कॉर्नफ्लॉरने सूप चकचकीत आणि बुळबुळीत होतं. हॉटेलातल्या स्वीट कॉर्न सूपला ते शोभतं, क्रीमी सूपला नाही. शिवाय जास्त वेळ उकळलं किंवा पुन्हा गरम करून खूप ढवळलं की परत पातळ होतं. इथे मैदा आणि बटरच हवं.

कॉर्नफ्लॉर_काकू (दु. १२:१३)
मैद्याच्या गुठळ्या होतात त्याचं काय? आणि मैदा पोटाला जड. कॉर्नफ्लॉर मैद्याच्या निम्मंच लागतं, हे तुम्हीही मान्य कराल.

औंधचा_शेफ (दु. १२:१६)
निम्मं लागतं हे खरंच आहे. पण गुठळ्या होतात त्या मैदा थेट पाण्यात टाकला तर. आधी बटरमध्ये परतला की होत नाहीत.

वेदा_कोथरूड (दु. १२:२०)
कॉर्नफ्लॉर-मैदा नंतर ठरवू. चिकन साधंच आहे. दूध पिशवीचं. भाज्या म्हणजे गाजर, फरसबी, फ्लॉवर, बटाटा, टोमॅटो, नेहमीच्याच. सासऱ्यांची दाढ काढलीय काल सकाळी, त्यांना चावता येत नाही म्हणून हा खटाटोप. रस्सा त्यांना तिखट लागेल.

सदाशिवपेठी_खवय्या (दु. १२:२४)
साधं म्हणजे? उकडलेलं, रस्स्यातलं, तंदुरी? काल रात्री घरी केलं की बाहेरून आणलं? आणि दुधाची पिशवी कुठली, म्हशीचं, गाईचं, टोन्ड?

वेदा_कोथरूड (दु. १२:३१)
तंदुरी. बाहेरून आणलेलं, वर लिंबू पिळलेलं होतं. दूध डबल टोन्ड. सासऱ्यांना कोलेस्टेरॉल आहे म्हणून आमच्याकडे तेच येतं. याचा काय संबंध?

दुग्धतंत्रज्ञ_निवृत्त (दु. १२:४८)
संबंध आहे. तुमच्या पातेल्यात दूध फाटायची सगळी कारणं एकत्र आलीत.

दूध ताजं असताना त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साधारण ६.६ ते ६.७ असतो. आंबटपणा वाढून तो ४.६ च्या आसपास उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोठून बाहेर पडतं, आपण पनीर करतो ते याच तत्त्वावर. पण ४.६ हा आकडा थंड दुधाचा. दूध गरम असेल तर त्याच्या बऱ्याच आधी, थोड्या आंबटपणावरच ते फाटतं. तंदुरीच्या मसाल्यात दही असतं, वर तुम्ही लिंबू पिळलेलं, त्यात टोमॅटो, आणि वरून दूध घालून उकळी. ते न फाटतं तरच नवल.

आता दुधाकडे या. डबल टोन्डमध्ये १.५ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, फुल क्रीममध्ये ६. आपल्याकडे पिशवीबंद फ्रेश क्रीम मिळतं त्यात साधारण २५ टक्के. स्निग्धांश जितका जास्त तितकं दूध आंबट आणि उष्णता जास्त सोसतं. पिष्टही हेच काम करतं, मैदा असो वा कॉर्नफ्लॉर, ते केसीनचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून काकू आणि शेफ दोघांचंही बरोबर आहे, फक्त ते पिष्ट दुधाच्या आधी पातेल्यात असलं पाहिजे.

मायक्रो_शिकवते (दु. १२:५५)
सगळे सूप वाचवताहेत, कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. हे चिकन काल किती वाजता आणलं आणि फ्रीजमध्ये किती वाजता गेलं? शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर असेल तर तासभरच. ज्येष्ठ माणसाला द्यायचंय म्हणून जास्तच काळजी घ्या.

मगरपट्टा_मितेश (दु. १२:५९)
मॅडम, उकळल्यावर जंतू मरतात की. आपल्या आज्या रात्रीचं सकाळी गरम करूनच देत होत्या.

मायक्रो_शिकवते (दु. १:०४)
जंतू मरतात, पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते उकळूनही जात नाही. स्टॅफिलोकोकस त्यातलाच. म्हणून बाहेर किती वेळ राहिलं तेच महत्त्वाचं. आणि आज्यांच्या घरी तेवढ्यापुरतंच रांधलं जायचं, फ्रीज नव्हता म्हणून उरवतच नसत.

वेदा_कोथरूड (दु. १:१०)
नवाला आणलं, दहाच्या आत फ्रीजमध्ये गेलं. हाडं वेगळी ठेवलीत, ती टाकायची का?

मायक्रो_शिकवते (दु. १:१२)
मग ठीक. तीन दिवसांच्या आत संपवा, एकदाच गरम करा, चांगली वाफ येईपर्यंत. पातेलं वारंवार गरम करू नका, वाटीत काढून तेवढंच करा.

औंधचा_शेफ (दु. १:३०)
हाडं अजिबात टाकू नका! सूपची चव हाडांतच असते. सगळं नीट लिहितो, चार जणांपुरतं.

आधी चिकनवरचा लाल मसाला आणि काळे करपलेले भाग बोटांनी खरवडून काढा. करपलेलं राहिलं तर सूप कडू होतं आणि मसाल्यातलं दही परत दूध फाडेल. हाडं नळाखाली झटकन धुवा. मांस हाताने तोडून बारीक धागे करा, सुरीने चौकोनी तुकडे नकोत, दाढ काढलेल्या माणसाला ते टोचतील.

कुकरमध्ये हाडं, लिटरभर पाणी, अर्धा कांदा, गाजराची टोकं, एक तमालपत्र, पाच-सहा मिरी. मीठ घालू नका, पाणी आटल्यावर खारट होतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून अर्धा तास. गाळा, वरची चरबी चमच्याने काढा.

या पाण्यात गाजर, फ्लॉवर, बटाटा मऊ शिजवा. फरसबीचे धागे काढून घ्या, नाहीतर सासऱ्यांच्या दाताखाली येतील. टोमॅटो वगळा, त्याचं सार वेगळं करा.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन टेबलस्पून बटर, ते फेसाळलं की दोन टेबलस्पून मैदा. मंद आचेवर सतत हलवा. दोन-तीन मिनिटांत कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजत्या नानकटाईसारखा वास येतो, तिथे थांबा, रंग बदलू देऊ नका. आता कोमट पाणी (हाडांचं) पळीपळीने घाला, प्रत्येक पळीनंतर गोळा होतो, तो फोडून मग पुढची. तीन कप गेले की दाट होऊन बुडबुडे येऊ द्या, पाच मिनिटं.

शिजलेल्या भाज्या निम्म्या मिक्सरमधून काढून घाला, निम्म्या तशाच. मग चिकन. सगळ्यात शेवटी गॅस अगदी बारीक करून एक कप फुल क्रीम दूध, तेही कोमट. थंड दूध गरम सूपमध्ये ओतू नका, आधी थोडं सूप दुधात मिसळा आणि मग ते दूध पातेल्यात. त्यानंतर उकळी नाही. मीठ आणि पांढरी मिरपूड शेवटी.

कॉर्नफ्लॉर_काकू (दु. १:४१)
मिक्सरचं सांभाळा हो. गरम भाज्या फिरवल्या की वाफेने झाकण उडतं. भांडं निम्मंच भरा, आणि झाकणावर फडकं धरून थांबून थांबून फिरवा. माझ्या भावजयीचा हात भाजला होता असाच.

पाषाण_पल्लवी (दु. १:४५)
मला टोमॅटो घालायचाच असतो. शिजलेल्या टोमॅटोत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की फेस येऊन आंबटपणा उतरतो, मग दूध फाटत नाही.

औंधचा_शेफ (दु. १:४९)
फाटत नाही, पण सोडा थोडा जास्त पडला की साबणासारखी चव येते. घरी चिमटीचा अंदाज सुटतोच. मी तरी सांगणार नाही.

पाषाण_पल्लवी (दु. १:५२)
आमच्याकडे कधी आली नाही तशी चव. अंदाज सवयीने येतो.

बाळ_वर्षाचं_नाही (दु. २:०५)
माझ्या दहा महिन्यांच्या बाळालाही हे सूप चालेल का?

मायक्रो_शिकवते (दु. २:१०)
त्या वयाला मीठ घालत नाहीत आणि हॉटेलच्या तंदुरीत मीठ-तिखट भरपूर. बाळासाठी ताजं चिकन वेगळं उकडा. आणि वेगळा धागा काढा, तिथे अनुभवी आया सविस्तर सांगतील.

मगरपट्टा_मितेश (दु. २:२०)
पुण्यात सेलेरी कुठे मिळते? सूपला तीच चव देते. हडपसरला शोधून दमलो.

सदाशिवपेठी_खवय्या (दु. २:२६)
कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये बघा, महात्मा फुले मंडईतही काही गाळ्यांवर असते. सकाळी लवकर जा. पण वेदाताईंनी मागितलेली नाही, घरातल्या भाज्यांत भागतंय.

दंतवैद्याची_मुलगी (दु. २:४०)
दाढ काढल्यावर सूप कोमटच द्या, गरम नको. आणि स्ट्रॉने अजिबात पिऊ देऊ नका, ओढण्याच्या जोराने खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटते आणि मग भयंकर ठणकतं. चमच्याने द्या, दुसऱ्या बाजूने. मिरीचे दाणे गाळताना राहणार नाहीत हे बघा.

वेदा_कोथरूड (दु. ३:०५)
हे महत्त्वाचं सांगितलंत, धन्यवाद. स्ट्रॉच द्यायच्या बेतात होते. फुल क्रीम दूध आणायला पाठवलंय. पण जे फाटलंय ते पातेलंभर फेकायचं का? जीवावर येतं.

दुग्धतंत्रज्ञ_निवृत्त (दु. ३:१४)
फेकू नका. फाटलेलं दूध पूर्ववत होत नाही, पण दाणे बारीक करता येतात. चिकन आणि भाज्या गाळून बाजूला काढा. उरलेलं पाणी आणि दाणे एका उकडलेल्या बटाट्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवा. बटाट्याचं पिष्ट त्यांना धरून ठेवतं. सासऱ्यांसाठी नवीन करा, हे घरच्यांना पावाबरोबर द्या. दूध नासलेलं नाही, लिंबाने फाटलंय, खायला हरकत नाही.

पांढरा_रस्सा_प्रेमी (दु. ३:३०)
नारळाचं दूधही आंबटाने फाटतं, पण कमी. पुढच्या खेपेला मिरची न घालता रस्सा करून बघा, आजोबांना नक्की आवडेल.

वेदा_कोथरूड (सं. ७:४५)
झालं! अजिबात फाटलं नाही. मैद्याला शेफ म्हणाले तो वास आला तेव्हा गॅस बारीकच ठेवला होता. सासऱ्यांनी दीड वाटी घेतलं, कोमट, चमच्याने, आणि पुन्हा मागितलं. कालपासून त्यांनी धड काही खाल्लं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. फाटलेलं बटाट्याबरोबर फिरवलं, मुलांनी पावाला लावून संपवलं. हाडांचं पाणी बरंच उरलंय, सूपही थोडं. फ्रीझरमध्ये टाकू का?

औंधचा_शेफ (सं. ७:५८)
हाडांचं पाणी टाका, महिना-दोन महिने उत्तम राहतं. छोट्या डब्यांत भरा, वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगतं. दूध घातलेलं सूप गोठवू नका, वितळताना पाणी सुटून परत दाणे दिसतील. ते उद्या सकाळी संपवा.

मायक्रो_शिकवते (सं. ८:०४)
डबे पूर्ण गार झाल्यावरच फ्रीझरमध्ये. थंड पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून ढवळलंत तर लवकर गार होईल, ओट्यावर रात्रभर ठेवू नका. आणि डब्यावर तारीख लिहा.