बायकांची नावं आणि हवेच्या नोंदी

फर व्यापाराच्या रोजनिशांत नुसती हवा आणि कातड्यांचा हिशेब असतो, म्हणून त्या कंटाळवाण्या वाटतात, हे तुमचं म्हणणं पहिल्या पन्नास पानांपुरतं मलाही पटतं. वाऱ्याची दिशा, किती बदकं मारली, कोण लाकडं तोडायला गेलं. पण त्या सुरात कान बसला की एखादी ओळ अंगावर येते.

कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या इंग्रजांच्या हडसन बे कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी ठाण्यावरची, तिथला प्रमुख जेम्स नाइट याची रोजनिशी बघा. थानाडेलथर ही चिपेवायन बाई क्री लोकांच्या (दोन्ही तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती) कैदेतून सुटून 1714 मध्ये तिथे पोचली आणि पुढे तिनेच या दोन जमातींत तह घडवून आणला. नाइट तिला सगळीकडे ‘गुलाम बाई’च लिहितो, नाव कुठेच नाही. 5 फेब्रुवारी 1717 ला ती वारली. त्या दिवशीही तो आधी हवाच लिहितो, त्या मोसमातली सगळ्यात छान, आणि त्याच वाक्यात ती गेल्याने दिवस किती उदास आहे तेही. माझं वाचन तिथेच थांबलं होतं.

तिचं नाव आपल्याला चिपेवायन लोकांनी जपलेल्या कथांतून मिळतं, म्हणून रोजनिशीसोबत त्याही वाचाच.

त्याच कंपनीचा प्रवासी सॅम्युअल हर्न याच्यापासून सुरुवात करणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्याचं पुस्तक 1795 मध्ये, तो गेल्यावर छापलं गेलं. प्रवास 1769 ते 1772 चा. मधल्या वर्षांत मजकुरावर बरेच हात फिरलेत. ठाण्यांवरच्या रोजच्या नोंदी त्या मानाने कच्च्या आहेत, आणि मला त्याच जास्त जवळच्या वाटतात.